आप्पांचा आवाज कुठे उतरला

आप्पांचा आवाज ऐकला नाही असा माणूस त्या बाजारात शोधूनही सापडला नसता. सकाळी भाजीचा लिलाव सुरू झाला की ते एका पालथ्या खोक्यावर उभे राहत आणि टोमॅटोच्या ढिगाकडे हात करून असे पुकारत, की रस्त्यापलीकडच्या इमारतीत साखरझोपेत असलेली माणसं कूस बदलत. भाव चढला की आवाज चढे, शेवटची बोली लागली की तो अलगद खाली येई आणि मधल्या वेळात घेणाऱ्यांच्या फिरक्या घेत राही. “शेटजी, खिशात हात घातलाय तो काय थंडी वाजते म्हणून?” असं विचारलं की शेटजींना मुकाट्याने बोली वाढवावी लागे. देव प्रत्येकाच्या पदरात काही ना काही टाकून पाठवतो. आप्पांच्या पदरात त्याने आवाज टाकला होता.

तोच आवाज गेला. घशातली गाठ वाईट निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र मुळापासून काढलं. आता आप्पा मानेला केलेल्या भोकातून श्वास घेत आणि नाकात घातलेल्या नळीतून पोटात पातळ अन्न जाई. तोंड होतं, जीभ होती, ओठ हलत होते. पण ओठांतून बाहेर काही येत नव्हतं, आणि पुढेही येणार नव्हतं.

हे होणार, हे आधीच कळलं होतं. म्हणून तर थोरल्या सुनेने एक घाट घातला होता. ती घराच्या मागच्या खोलीत आंधळ्या वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, दाराला आतून जाड ब्लँकेट, मधे एक माइक, एक कॉम्प्युटर. लग्न होऊन आली तेव्हापासून घरादाराला तिचं एकच सांगणं, जरा गप्प बसा हो. उभ्या बाजाराला जागं करणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात गप्प बसवणारी ही पहिलीच. आप्पांनी कौतुकाने तिचं नाव चिडीचूप ठेवलं, आणि हाक मारायला ते लांब पडतं म्हणून नुसतं चिडी.

चिडीने कुठेसं वाचलं होतं, की माणसाचं बोलणं पुरेसं रेकॉर्ड केलेलं असेल तर त्यावरून यंत्राला त्याचा आवाज शिकवता येतो. मग माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्या आवाजात बोलायचं. अशी कामं करणारा एक आवाजवाला तिने गाठलाही होता. आप्पांना सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. म्हणाले, म्हणजे देवाने माझं तोंड बंद केलं तरी तुमची सुटका नाही तर. आणि शस्त्रक्रियेच्या आधी रोज सकाळी ते शहाण्या मुलासारखे माइकसमोर येऊन बसले.

आता सांगा, एवढं सगळं केल्यावर मन निश्चिंत असणारच ना? चिडीचंही होतं.

आप्पा मात्र शुद्धीवर आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून होते. थोरला मुलगा उशाशी बसून होता, त्याच्याकडे बघत नव्हते. नर्सने पाटी पेन्सिल दिली, ती त्यांनी परत सारली. कालच्या भेटीत त्यांनी चिडीकडे पाहून एकदाच कानाशी हात नेला. ऐकव, म्हणत होते. माझा मला ऐकव. चिडीने वचन दिलं, उद्या संध्याकाळी भेटीच्या वेळेला घेऊन येते.

तो उद्या म्हणजे आजचा दिवस. दुपारी कामं आवरून ती खोलीत आली. जिन्याखालच्या कपाटातली पेटी तिने चालू केली. पेटी म्हणजे सर्व्हर, एक जुना दणकट कॉम्प्युटर, ज्यात तिची सगळी पुस्तकं साठवलेली. धाकट्या दिराने तो बसवून दिला होता. चिडीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ‘साठा’ नावाचा एक फोल्डर होता. तो उघडला की जे दिसे ते असे पेटीत, तारेने जोडलेलं. ही दोन्ही यंत्रं लिनक्सवर चालायची आणि त्या जोडण्याला दीर माउंट करणं म्हणायचा. चिडीच्या लेखी ती देवघराच्या दिव्यासारखी गोष्ट होती. रोज लागतो, कसा लागतो ते कोण विचारतं?

कॉम्प्युटर सुरू झाला. तिने ‘साठा’वर बोट दाबलं आणि पडदा थिजला. बाण हलेना, खिडकी बंद होईना. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी संदेश आला, सर्व्हरने प्रवेश नाकारला. तिने तार काढून पुन्हा बसवली, कपाटात जाऊन पेटीचे दिवे पाहिले. पेटी जागी होती, नेटवर्कवर विचारलं तर उत्तरही देत होती. फक्त आत घेत नव्हती. स्वतःच्या घराला बाहेरून कडी लागावी तसं तिला झालं.

दिराला फोन लावला. तो दूरच्या शहरात कंपन्यांची नेटवर्कं सांभाळायचा. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, अंगावर बाहेर जायचे कपडे, हातात आप्पांच्या धुतलेल्या टॉवेलची पिशवी. मधूनच त्या विचारत, “सापडला का गं माणूस?” आणि चिडी म्हणे, “सापडतोय, आई.”

शेवटी तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला विचारलं. त्याने चार प्रश्न विचारले आणि निकाल देऊन टाकला. फाइली सर्व्हरवर आहेत ना? मग टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे काय? सगळं पुसा, नवीन लिनक्स घाला, अर्ध्या तासात काम. हे तिला पटलं. पटण्यासारखंच होतं. तिने कप्प्यातली इन्स्टॉल करायची पेन ड्राइव्ह शोधली, लावली आणि एकेक पायरी पुढे गेली. पडद्यावर प्रश्न आला, या डिस्कवरचं सर्व काही पुसलं जाईल, पुढे जायचं का? चिडीचं बोट ‘होय’वर टेकलं आणि फोन वाजला. दीर होता. माणसं याला योगायोग म्हणतात. म्हणोत बापडी.

“काही पुसू नका, वहिनी,” तो म्हणाला. त्याचं म्हणणं, घोडं पेटीकडेच पेंड खात असणार. आप्पांच्या शस्त्रक्रियेसाठी आला होता तेव्हा त्याने पेटी उघडली होती. जुनी डिस्क कुरकुरत होती, म्हणून त्याने सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं, नवी बसवली आणि हॉस्पिटलात पळाला. कोणता फोल्डर कोणाला उघडून द्यायचा हे पेटीला सांगून ठेवावं लागतं, ते नव्या डिस्कप्रमाणे बदलायचं राहिलं होतं. तो लांबूनच पेटीत शिरला आणि दुरुस्ती करू लागला. चिडीच्या जिवात जीव आला.

पहिल्यांदा ‘साठा’ उघडला तो रिकामाच. दीर म्हणाला, घाबरू नका, माझ्याकडून चुकीचा कप्पा उघडला गेला. त्याने बदल केला, तर पडद्यावर नवंच काही, फाइलचा धागा शिळा झाला म्हणे. म्हणजे चिडीच्या कॉम्प्युटरने जे टोक धरून ठेवलं होतं, त्याच्या पलीकडे आता काही उरलं नव्हतं. सोडा आणि पुन्हा धरा, तो म्हणाला. त्याने सांगितलेली आज्ञा तिने अक्षर अक्षर लावून टाइप केली. सोडलं. पुन्हा जोडलं.

‘साठा’ उघडला. पुस्तकं दिसली. तिची सगळी पुस्तकं ओळीने उभी.

आप्पा नव्हते.

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, शोधायच्या चौकटीत नाव घातलं. ‘आप्पा’ नावाचा फोल्डर कुठेच नव्हता. तिने फोनमध्ये तसं सांगितलं तर पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. दीर पेटीत शोधत होता.

“वहिनी, इथे नाहीये.”

“मग जुन्या डिस्कवर असेल.”

“जुनी मी पुसली. पुसून दुकानात परत दिली, नवी घेताना.”

चिडीला खुर्ची ओढायचंही भान राहिलं नाही, ती जमिनीवरच बसली. मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिने आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात घालायला? कुरकुरत होती तर कुरकुरू द्यायची होती. तुमच्या बापाचा आवाज होता तो, भावजी, आता तो कुठून आणू? तिकडे ते भिंतीकडे तोंड करून पडलेत, त्यांना जाऊन काय सांगू, की तुमच्या धाकट्याने साफसफाई केली? सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण या घरात कधी आवाज न चढवणारी सून ओरडतेय म्हणजे काय झालं असेल, ते कळायला यंत्र कशाला लागतं?

पलीकडे दीर रडत होता. चांगला मोठा बाप्या माणूस, हमसून हमसून. मी जपूनच उतरवलं होतं, वहिनी, एकूण एक उतरवलं होतं, एवढंच म्हणत होता.

चिडीने डोळे मिटले. देवाला काय मागायचं तेसुद्धा सुचेना. गेलेला आवाज परत दे, असं कसं मागणार? ज्याने दिला त्यानेच नेला होता, आणि जो उरला होता तो तिच्या भरवशावर ठेवला होता. तो तिने हरवला. मनात नामाचे दोन शब्द आले तेही अर्ध्यावर विरले.

थोड्या वेळाने दीर सावरला. दुकानातून ती डिस्क परत मिळवतो, म्हणाला. पुसलेल्यातूनही कधी कधी खरवडून काढता येतं, फक्त कुठलं शोधायचं ते नीट कळायला हवं. रेकॉर्डिंग कधी करत होतात?

“सकाळी,” चिडी कोरड्या आवाजात म्हणाली. “पेटी बंद केली की लगेच.”

“पेटी बंद केली की म्हणजे?”

“म्हणजे बंद केली की. तिचा पंखा घुरघुरतो. पुस्तक वाचताना चालतं, नंतर काढून टाकता येतं. पण आप्पांच्या आवाजामागे मला घुरघुर नको होती. म्हणून आधी पेटी बंद करायची, मग माझा कॉम्प्युटर चालू करायचा आणि मग आप्पांना बसवायचं. रेकॉर्ड झालेलं आपोआप ‘साठा’त जातं, आणि पुस्तकं त्या दिवसांत बंदच होती, म्हणून तो उघडून कधी पाहिला नाही.”

“रोज?”

“रोज.”

दीर दुकानाचा नंबर शोधत होता, ते त्याने थांबवलं.

“वहिनी,” तो सावकाश म्हणाला, “पेटी जर बंद होती, तर आप्पांचा आवाज उतरत कुठे होता?”

चिडी उठून उभी राहिली.

त्याने समजावलं ते असं. टेबलाचा एक खण आहे समजा. त्या खणात नेहमी एक भरलेला ट्रे बसवलेला असतो. खण उघडला की आपल्याला ट्रेमधलं दिसतं. पण एखाद्या दिवशी ट्रे बसवलाच नाही, तर खण काही नाहीसा होत नाही. आपण आपलं सामान बिनधास्त खणाच्या तळाशी ठेवतो, आणि आपल्याला वाटतं ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणी ट्रे बसवतो. सामान तिथेच असतं, पण ट्रेखाली. ‘साठा’ हा खण, पेटी हा ट्रे. पेटी बंद असताना कॉम्प्युटर सुरू झाला, जोडणी झालीच नाही, आणि आप्पा तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर उतरत राहिले. आज जोडणी झाली आणि वरून पुस्तकं येऊन बसली.

म्हणजे दुकानदाराचं ऐकून जी डिस्क ती मघाशी पुसायला निघाली होती, तीच. चिडीने आपलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं.

ट्रे उचला, दीर म्हणाला. तिने सोडायची आज्ञा दिली. कॉम्प्युटर म्हणाला, जागा वापरात आहे, सोडता येत नाही. तिने होतं नव्हतं ते सगळं बंद करून पुन्हा दिली. पुन्हा तेच, वापरात आहे. कोण वापरतंय? खोलीत दुसरं कोण होतं? पुन्हा तिच्या तोंडचं पाणी पळायला लागलं. तेव्हा दिराने तिला पडद्यावरची आज्ञेची ओळ वाचायला लावली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तो ओलं का होईना, पण हसला.

“वहिनी, तुम्ही स्वतःच आत उभ्या आहात. मघाशी शोधायला म्हणून फोल्डरात शिरलात, त्या अजून बाहेरच आला नाहीत. तुम्ही बाजूला व्हा, म्हणजे तो सुटेल.”

असंच असतं बघा. माणूस सगळ्या जगाला विचारतो, वाट कोणी अडवली, आणि उभा असतो आपणच. चिडी बाहेर आली. आज्ञा दिली. सुटलं. पुस्तकं पडद्यावरून नाहीशी झाली, आणि त्यांच्या जागी एकच फोल्डर उरला. ‘आप्पा’.

तिने हेडफोन कानाला लावला आणि पहिली फाइल उघडली. “घ्या ओ घ्या, मढ्याच्या टाळूवरचं लोणी नाही मागत, टोमॅटोचा भाव मागतोय,” आप्पा गरजले, आणि चिडी हसता हसता रडायला लागली. बाजारातल्या शिव्यांची एक फाइल होती. आप्पांचा हट्ट होता, यंत्राला शिव्या आल्या नाहीत तर तो माझा आवाज कसला? वर्तमानपत्रातली वाक्यं होती, आकडे होते, भाज्यांची नावं होती. सासूबाईंनी एक कान हेडफोनला लावला होता आणि त्या दारापाशी बघत होत्या, जणू तो माणूस तिकडून चपला काढून आत यायचा आहे.

मग चिडीने शेवटच्या दिवसाची फाइल उघडली. काही वाजलं नाही. पुन्हा उघडली. नाव होतं, तारीख होती, आकार शून्य.

दिराने पाहून सांगितलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरची डिस्क लहान. आदल्या दिवसापर्यंत ती काठोकाठ भरली, शेवटच्या दिवसाला जागाच उरली नाही. नुसतं नाव लिहिलं गेलं, आत काही नाही. कॉम्प्युटरने तशी सूचना पडद्यावर दिली असणार. पण आपल्या बोलण्याबरोबर नाचणाऱ्या त्या हिरव्या रेषा बघून आप्पांना हसू यायचं, म्हणून चिडीने पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. आणि रेकॉर्डिंग संपतंय तोवर हॉस्पिटलातून बोलावणं आलं, खाट मोकळी झाली, लगेच निघा.

“हे कुठूनच मिळणार नाही, वहिनी. हे कधी उतरलंच नाही,” दीर म्हणाला.

आवाज शिकवायला बाकीचं भरपूर होतं, ते तिला माहीत होतं. पण शेवटच्या दिवशी आप्पा काय बोलले होते, तेही तिला एकटीला माहीत होतं.

“काय होतं गं त्यात?” सासूबाईंनी विचारलं.

चिडीला खोटं बोलता आलं असतं. काकड्या न् भोपळे होते, म्हटलं असतं तर संपलं असतं.

“तुमचं नाव होतं, आई,” ती म्हणाली. “त्या दिवशी म्हणाले, चिडे, एवढं पुकारलं जन्मभर, साऱ्या बाजाराला नावाने हाका मारल्या, पण घरात कायम अगं न् ऐकलंस का. आज नावाने हाक मारतो, तू तिला ऐकव, माझ्या तोंडावर नको ऐकवू, मी मेलो लाजून. आणि मग त्यांनी तुमचं नाव घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं. वेगवेगळं.”

सासूबाई पिशवीतला टॉवेल काढून त्याची घडी मोडून पुन्हा घालत राहिल्या.

“कसं म्हणाले?”

चिडीने तोंड उघडलं. तिचे कान एवढे तयार, कुठला स्वर कुठे लागला ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण गळ्यातून काही निघेना.

“मला नाही येत, आई, तसं.”

“असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “चल, वेळ होईल.”

हॉस्पिटलात आप्पा तसेच होते, भिंतीकडे. थोरला मुलगा उठून बाजूला झाला. चिडीने काही न बोलता हेडफोन आप्पांच्या कानांवर बसवला आणि सुरू केलं. आधी काही झालं नाही. मग चादरीखाली एक पाय हलला, ठेका धरल्यासारखा. मग ते वळले. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ओठ भराभर हलत होते, आतल्या आवाजाबरोबर, शब्दाला शब्द. शिव्यांची फाइल लागली तेव्हा त्यांनी पलीकडच्या खाटेवरच्या रोग्याकडे अशी काही नजर टाकली, की तो बिचारा ओशाळून उगाच हसला. थोरला पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

सगळं ऐकून झाल्यावर आप्पांनी हेडफोन काढला. चिडीकडे पाहिलं, मग डोळ्यांनी बायकोकडे खूण केली. ऐकवलंस का तिला?

चिडी खाटेच्या कडेला बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

“आप्पा, तेवढं उतरलं नाही. डिस्क भरली होती आणि पडदा मी फिरवून ठेवला होता. बाकी सगळं आहे. तेवढं नाही. माझी चूक आहे.”

आप्पांनी हात काढून घेतला. छताकडे बघत राहिले. मानेच्या भोकातून श्वास येत जात होता, तेवढाच काय तो आवाज. ते आता पुन्हा भिंतीकडे वळणार, चिडीला वाटलं, आणि या वेळी वळले की आपल्याकडे कधीच बघणार नाहीत. तिने मान खाली घातली आणि मनात फक्त म्हटलं, देवा, मला नाही, त्यांना सांभाळ.

आप्पांनी कोपरावर जोर दिला आणि ते उठून बसू लागले. नळी ताणली गेली. नर्स धावली, ते थांबले नाहीत. पाठ टेकून बसले, श्वास घेतला आणि पायाशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघून ओठ हलवले. बाजारातला माणूस लांबच्या गिऱ्हाइकाला पुकारतो तसे, मान उंचावून, तोंड मोठं उघडून. ओठांतून काही आलं नाही. भोकातून हवेची एक फुंकर सुटली, बस.

टॉवेलची पिशवी हातात तशीच होती.

“ओ,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुढे झाल्या.